उजवीकडची फट

—नाही, तिथे नको बसूस, त्या स्टुलाचा पाय हलतो. इकडे बाकावर बस, आणि तोंड माझ्याकडे करून बस, पिकअपकडे नको, ती कुठे पळून जात नाहीये. पाणी आत्ताच काढलंय, उकळू दिलेलं नाही. माझ्या हातची येर्बाची पत्ती जळत नाही, तुझ्या आईच्या हातची जळते, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलेलं आहे. घे. कडू आहे. साखर घालून पितात ते राजधानीतले, आणि तू इतकी वर्षं तिकडे राहून आलास म्हणून इथे साखर मिळणार नाही. आणि लगेच आभार मानू नकोस – तिकडे राहून विसरला असशील म्हणून सांगते – पिऊन झाल्यावर तुंबा परत देताना आभार मानले की माणसाचं पुरे झालं, आता पुढचा नको, उठायचं झालं. पहिल्याच तुंब्याला तू आभार मानून उठलास तर मग माझं बोलणं मी कुणाला सांगू, कुत्र्याला? कुत्र्याला सगळं सांगून झालंय.

तर रबरं. दाराच्या रबरांपाशी होतो आपण. ती पलीकडून, ब्राझीलमधून यायची होती, आणि जो माणूस पिशवीतून आणतो त्याला सरहद्दीच्या पुलावर जकातवाल्यांनी अडवला, पिशवी गेली, रबरं गेली, मग दुसरी मागवली तर ती आली बसची – बसच्या दाराची रबरं, एदिसन, साप असावा एवढी जाड. मग बिजागऱ्या. बिजागरीची खीळ झिजली की दार खाली बसतं, माणसाचा खांदा उतरतो तसं, ते वर उचलून घ्यावं लागतं आणि मग... काय? हसतोस का? मागच्या वेळी पण हेच सांगितलं? रबरं की बिजागऱ्या? दोन्ही. बरं, सांगितलं असेल. खोटं नव्हतं ते. रबरं खरंच गेली होती पुलावर. आणली पण तेव्हाच, ते सोड.

तुला वाटतं काय आहे त्यात, दोन दारं, दोन मडगार्ड, एक बोनेट, आवळले बोल्ट की झालं. तुझ्या बापालाही तसंच वाटायचं आधी. अरे पोरा, या पिकअपच्या वयाची गाडी म्हणजे तिचा प्रत्येक पत्रा वेगळ्या दिशेला म्हातारा झालेला असतो. मागून सुरू करावं लागतं. आधी कॅबिन, ती चौकटीवर सरळ बसली पाहिजे. मग दार कॅबिनच्या मागच्या खांबाला लावून घ्यायचं, मग दाराला मडगार्ड, मडगार्डला बोनेट, आणि सगळ्यात शेवटी ती चकचकीत पट्टी, जी मडगार्डपासून हौद्यापर्यंत एका रेषेत गेली पाहिजे, मध्ये कुठे पायरी नको. लोक पुढून सुरू करतात, कारण पुढचं दिसतं. माझा एल्बियो म्हणायचा, पुढून सुरू करतो तो डेंटर नाही, न्हावी. आणि फट मोजायची ती पट्टीने नाही. पत्त्यांनी. हे बघ, हेच ते, त्रूको खेळायचे पत्ते, तुझ्या बापाच्याच जोडातले, घोडेस्वाराचं पान हरवलं म्हणून जोड बाद झाला आणि एल्बियोने खिशात टाकला. पत्ते एकावर एक धरायचे आणि फटीत सरकवायचे, वरून खालपर्यंत, ना अडकले पाहिजेत ना खुळखुळले पाहिजेत. इकडच्या फटीत जेवढे पत्ते तेवढेच तिकडच्या फटीत. बाकी सगळं हाताने. तळवा फिरवायचा, डोळे मिटून. आणि मग दार लावायचं आणि ऐकायचं. नीट बसलेलं दार एकदाच वाजतं. दोनदा वाजलं की काम झालेलं नाही. त्याच्या पाठीमागे कुणी दार लावलं तरी तो सांगायचा – पाठीमागे, स्वयंपाकघरातून – डावं आहे, वरची बिजागरी सैल आहे, उघड परत.

हो, तोच. तोच बसलाय तिथे. तू आत येताना त्याला हाक मारलीस आणि त्याने उत्तर दिलं नाही, म्हणून तुझं तोंड असं झालंय ना मघापासून? मनाला लावून घेऊ नकोस. तू डावीकडून आलास. डावीकडून येतं ते त्याला येतच नाही. नाही, ऐकू येतं, कान चांगले आहेत, दिसतंही – डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, डोळे तरुण माणसाचे आहेत. डोक्यात गेलंय. त्याच्या डोक्यात डावीकडचं जगच शिल्लक नाही. अंधार पण नाही तिकडे, कळलं? अंधार असता तर माणूस दिवा लावतो. काहीच नाही. तुझ्या डोक्यामागे आत्ता जे आहे ते तुला काळं दिसतंय का? नाही दिसत, आणि तुला त्याचं काही वाटतही नाही. तसं.

त्या मोठ्या हॉस्पिटलात ते सगळे गोड बोलत होते, मी म्हटलं, मी सहावीपर्यंत शिकलेली बाई आहे, मला गोड नको, मला सांगा परत येणार का नाही. तर त्यांनी सांगितलं. घरी आणला. पहिल्या दिवशी जेवायला वाढलं, मटणाचा रस्सा, बटाटे, भात. याने अर्धी थाळी खाल्ली, अगदी मधोमध रेघ मारल्यासारखी, आणि मला म्हणतो, निबिया, हल्ली भात कमी करतेस. मी काय करावं? थाळी फिरवली. म्हणाला, हां, आता कसं. आणि उरलेलं खाल्लं. तेव्हापासून मी थाळी फिरवते. अर्धी दाढी करतो, उरलेली मी करते. ती व्यायाम शिकवणारी मुलगी यायची, मोठी गोड, मला सांगून गेली, प्रत्येक वस्तूच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावा आणि म्हणा, लाल शोधा, लाल दिसेपर्यंत थांबू नका. सगळ्या घराला मी लाल पट्ट्या लावल्या, थाळीला, आरशाला, दाराला, पलंगाला, शेवटी एक माझ्या डाव्या – नाही, उजव्या – अरे त्याच्या डाव्या, म्हणजे माझ्या कुठल्या ते मला आता आठवत नाही, बाहीला. नाही सापडली त्याला लाल पट्टी. मी त्याच्या डावीकडे उभी राहून बोलले तर तो उजवीकडच्या भिंतीला उत्तर देतो. गोड बोलतो भिंतीशी. माझ्याशी कधी बोलला नाही इतकं गोड.

दे इकडे. नाही, अजून आहे पाणी, घे.

तुझा बाप – आता हे तुला माहीत नसेल, आणि आईला सांगणार नाहीस. आदेमार दर शनिवारी यायचा इथे, त्रूको खेळायला, एल्बियो आणि तो जोडीदार, समोर मिलमधले ते दोघे भाऊ. जोडीदाराला खुणा करायच्या असतात ना, समोरच्यांना न दिसता – भुवई वर, ओठ चावला, तोंड एका बाजूला वाकडं केलं म्हणजे हातात मोठं पान. अर्धांगाचा झटका आल्यावर एल्बियो घरी आला तेव्हा तोंड असं वाकडं. ते भाऊ आले, बसले, जमिनीकडे बघत राहिले आणि गेले. आदेमार मात्र त्याच्या उजव्या हाताला बसला, खुर्ची ओढून, आणि बराच वेळ तोंडाकडे बघत म्हणाला, एल्बियो, लेका, आता तुझ्या हातात कायमचंच मोठं पान आलं. एल्बियो हसला. झटक्यानंतर पहिल्यांदा हसला तो. अर्ध्या तोंडाने हसला, पण मला पूर्ण ऐकू आलं.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुझ्या बापाने पिकअप फाटकाच्या खांबावर घातली. स्वतःच्या फाटकाच्या. तू लहान होतास तेव्हापासून त्या फाटकातून तो गाडी आत-बाहेर करत होता, मधाच्या पेट्या लादून, पावसात, दारू पिऊन, एकदा तर ताप चढलेला असताना तुझ्या बहिणीला मांडीवर घेऊन, आणि कधी खरचटली नाही. आणि त्या दिवशी ऐन दुपारी, लख्ख उन्हात, खांबावर. आणि एका बाजूने नव्हे, एदिसन. मी पत्रा बघते, माझं आयुष्य गेलंय वाकलेले पत्रे बघण्यात. एका बाजूने धडकली, मग मागे घेतली, वळवली, आणि दुसऱ्या बाजूने धडकली. कुठला माणूस चुकून असं करतो? घेऊन आला इथे, दार दोरीने बांधलेलं, आणि एल्बियोच्या उजव्या बाजूला उभा राहून म्हणाला, खांब मध्ये आला रे. तुझ्याशिवाय कुणाकडे नेऊ? आणि जाताना मला अंगणात गाठून म्हणाला, निबिया, मला घाई नाही. घाई नाही, ऐकलंस ना. कधीच झाली नाही तरी चालेल.

ते म्हणाला तो. कधीच. तुझ्या आईला वाटतं मी तिच्या नवऱ्याच्या गाडीवर बसून राहिलेय. बेकरीत माझ्याकडे पाठ करते. करू दे. तिला काय सांगू, तुझ्या नवऱ्याने स्वतःची गाडी स्वतः फोडली, माझ्या नवऱ्याला उठवायला?

आणि उठला ना. उठला तो. तेच तर सांगतेय. हॉस्पिटलने जे केलं नाही ते त्या चेपलेल्या दाराने केलं. सकाळी मी उठायच्या आत शेडमध्ये. डावा हात लटकतोय, तो हात आहे हे त्याला ठाऊकच नाही, पण उजवा चालतो आहे, पाना चालतो आहे, आणि शिव्या – मडगार्डला, खांबाला, तुझ्या बापाला – मी आत भांडी घासत होते आणि रडत होते, आणि मी रडणारी बाई नाही. मला हाक मारायचा, निबिया, दार धर. दार धरायचं काम कायम माझंच. लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून. दार गुडघ्यावर तोलून धरायचं, तो बोल्ट घालेपर्यंत हलू द्यायचं नाही, जरा वर, जरा खाली, केसभर तुझ्याकडे, धर, धर, सोड. लोकांना वाटतं डेंटर एकटा काम करतो. दार काय हवेत थांबतं?

मग एक दिवस म्हणाला, झालं. पत्ते फिरवले, तळवा फिरवला, म्हणाला, झालं, आदेमारला निरोप धाड. मी बघायला गेले. दाराची उजवी फट – तशी फट मी आयुष्यात बघितली नाही. सुतासारखी. तरुणपणी तरी अशी करत होता की नाही देव जाणे. आणि डावी फट अशी की मांजर आत जाऊन व्याली असती. कारण त्याने सगळं दारच उजवीकडे ढकललं होतं. पलीकडे गेले, त्या बाजूचं दार – तिथेही तेच. समोर उभा राहिला की त्याच्या उजव्या हाताला येईल ती फट सुतासारखी, डाव्या हाताची हात जाईल एवढी. त्या दाराची तर कडी लागत नव्हती, जरा रस्ता लागला असता की उघडून बाहेर. आणि पट्टी. ती चकचकीत पट्टी मडगार्डच्या कडेपासून एका रेषेत आली, क्लिपा नीट, अंतर नीट, आणि दाराच्या मधोमध संपली. उरलेली खाली जमिनीवर पडलेली होती. तो तिच्यावर पाय देऊन उभा होता आणि म्हणत होता, झालं.

मी काय बोलणार? म्हटलं, सुंदर झालंय. जेव, आणि झोप जरा. तो दुपारचा झोपला, आणि मी एकटीने दार जॅकवर घेतलं, खाली उशी ठेवून, रंग जाऊ नये म्हणून, आणि नीट केलं. डावी फट, उजवी फट, पत्ते घालून. पट्टी लावली. संध्याकाळ झाली मला. दार लावलं, एकदाच वाजलं. झालं की काम. खरंखुरं झालं होतं, एदिसन, तेव्हाच झालं होतं. आणि दुसऱ्या दिवशी एल्बियो उठला, शेडमध्ये गेला, बघितलं, तळवा फिरवला, सगळं बरोबर, आणि खुर्चीत बसला. आणि बसून राहिला. करायला काही नव्हतं. दुसरी गाडी कोण आणणार इथे, सगळ्या गावाला माहीत, एल्बियोला अर्धंच दिसतं. दुपारपर्यंत तोंड परत हॉस्पिटलातल्यासारखं झालं, मातीचं. म्हणून मग मी तो झोपल्यावर बोल्ट ढिले–

असू दे. गार झालं पाणी. थांब, दुसरं आणते.

काय बघतोस असा? बरं, म्हटलं मी, तोंडातून गेलं, आता काय परत गिळू? केले ढिले. मीच केले. दोन्ही दारांच्या बिजागऱ्या, मडगार्डचे बोल्ट, बोनेटचे. पट्टीच्या क्लिपा काढल्या. सकाळी तो गेला आणि ओरडला, कुणी हात लावला, वारा होता काय रात्री, आणि पाना उचलला. आणि रंगात आला. तसं आमचं चाललं. सकाळी तो लावायचा, अर्धं. दुपारी मी नीट करायचे, कारण वाकडं ठेवलं तर दुसऱ्या दिवशी आणखी वाकडं होतं, पत्र्याला सवय लागते. आणि नीट झालं की परत ढिलं करायचे. रबरं आणि बिजागऱ्या आणि पुलावरचा माणूस – ते सगळं तुमच्यासाठी. तुझ्या बापाला माहीत होतं. तो यायचा, बाहेरच्या बाजूला उभा राहून बघायचा, मला डोळा घालायचा. हिवाळा चांगला गेला आमचा, पोरा. कुणाचं काय वाईट केलं आम्ही? एक गाडी शेडमध्ये होती. ज्याची होती त्याची हरकत नव्हती.

मग तो गेला. तुझा बाप. सगळ्यांना वाटत होतं एल्बियो जाईल आधी. मीही तेच धरून होते, खरं सांगते, मनातून मी तयारीसुद्धा केली होती, काळा झगा इस्त्री करून ठेवला होता, तो मी आदेमारसाठी घातला. तुझ्या आईने निरोप पाठवला की त्याला त्याच्या पिकअपमधूनच न्यायचं, हौद्यात, त्याच्या पेट्यांच्या जागी. आणि पिकअप इथे उभी, नेमकी त्या दिवशी दारं उतरवलेली. मी एकटी दारं चढवायला लागले, एक चढलं, दुसरं चढेना, तोवर त्यांनी दुसऱ्या कुणाचीतरी मागितली. तेव्हापासून ती पाठ करते. बरोबर आहे तिचं. मीही केली असती.

तुझं काय चुकलं नाही. माहीत आहे मला. निलगिरी फुलून गेली, आता पेट्या दलदलीकडच्या फुलांवर हलवायच्या, नाही हलवल्या तर माश्या उपाशी, आणि भाड्याने गाडीवाला कोण देतोय माश्यांसाठी, डसतात म्हणून पळतात सगळे. गाडी तुझी. कागद तुझा. मी कधी म्हटलं तुझी नाही?

फक्त – ऐक – हिवाळ्यापर्यंत ठेव म्हणत नाही मी. विनवत नाहीये. मी कुणाला विनवत नाही. पेट्या हलवायला घेऊन जा, आणि रविवारी आणून लाव इथे, सोमवारी परत ने. आठवड्यातून एखादा दिवस. त्याला हाताला काम...

तू त्याच्याकडे का बघतोस सारखा?

बरं. बघ मग. बघ नीट. पाना कुठे आहे त्याच्याजवळ? नाही. रेडिओ आहे, उजव्या कानाशी, त्यावर गुरांचे भाव सांगतायत, त्याला गुरं नाहीत. तू मला विचारलंस तो काय करतो हल्ली. नाही विचारलंस? मला वाटलं विचारलंस. काही करत नाही. यात्रेच्या आठवड्यापासून. एका सकाळी पत्ते घेऊन गेला दाराशी, फटीत घालायला, आणि हातातल्या पत्त्याकडे बघत राहिला. हे काय आहे ते त्याला आठवलं, पण दुसरंच आठवलं. बोनेटकडे गेला आणि तो पत्ता बोनेटवर ठेवला, खेळतात तसा, आपटून. आणि वाट बघत राहिला. समोर बघत, तोंड वाकडं – पण आता मला कळेना ते झटक्याचं वाकडं की खुणेचं. मी हात पुसत गेले आणि माझ्याकडचा एक पत्ता ठेवला. मला येत नाही त्रूको. काय ठेवला ते बघितलंही नाही. त्याने माझ्या पत्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, बाई, ही जागा आदेमारची आहे.

बाई म्हणाला.

त्यानंतर त्याने पाना उचललेला नाही. आणि मी – तू आता मला वेडी म्हणशील, म्हण – मी थांबले नाही. दुपारी ढिलं करते, दुसऱ्या दुपारी घट्ट करते. रोज. तो तिथे बसलेला असतो. आधी खुर्ची अशी ठेवायचे की गाडी त्याच्या उजवीकडे येईल, आता उलटी ठेवते, डावीकडे येईल अशी. म्हणजे मी काम करते ते त्याला दिसत नाही. नवऱ्याच्या हातभर अंतरावर मी त्याचं काम करते आणि त्याच्यासाठी तिथे कुणीच नसतं. मी बोलते सुद्धा. दार धर, म्हणते. धर, धर, सोड. कुणासाठी करते? त्याच्यासाठी नाही, हे तुला कळलंय, तू आदेमारचा पोर आहेस, गप्प बसून सगळं कळून घ्यायची खोड तुझ्या बापाचीच. दुपारी दोन ते दिवस मावळेपर्यंत एवढं मोठं घर, त्यात मी काय करू? लाल पट्ट्या मोजू?

आज घट्ट आहे. काल बेकरीत तुझी आई पाठ करून दुसऱ्या बाईला सांगत होती, मला ऐकू जाईल एवढ्याने, उद्या एदिसन जाणार आहे गाडी आणायला. म्हणून सकाळीच घट्ट केली. मग परत ढिली करायला पाना उचलला होता. तेवढ्यात तू फाटक वाजवलंस. खिशातच आहे बघ पाना अजून.

अजून एक घे. हा शेवटचा बरा लागतो, कडूपणा उतरलेला असतो. घे ना.

...

आभार म्हणालास.

बरं.

नाही, बरोबर आहे, रीतसर म्हणालास, विसरला नव्हतास तर. दे तुंबा. किल्ली त्या खिळ्याला आहे. बॅटरीची तार लावलेली आहे, पेट्रोल तुझं तू बघ. आणि इथे चालू करू नकोस, न्यूट्रलमध्ये टाक आणि आपण दोघं ढकलून रस्त्यावर काढू, उतार आहे, आपोआप जाईल. त्याच्या डावीकडूनच जाणार ती. त्याला कळणारही नाही. उद्या विचारणार नाही, परवा विचारणार नाही. जिथे काहीच नव्हतं तिथून काय जाणार?

थांब.

थांब जरा, रेडिओ बंद करते. एल्बियो, रेडिओ बंद करतेय हं जरा. बस तू आत. बस आता, गाडी तुझी आहे, बसायला लाजतोस काय. आणि दार लाव. हळू नको, आपटू पण नको, माणूस लावतो तसं लाव. ऐकू दे त्याला. ऐकू दे एकदा.

ऐकलंस? एकदाच वाजलं. एकदाच.

बघ. बघ, त्याने ऐकलं. मान वर केली. वळतोय. एल्बियो, इकडे, अरे–

उजवीकडे. उजवीकडे शोधतोय, भिंतीत.

जा तू आता. जा म्हणते ना, जा. ब्रेक सोड, मी ढकलते.